नऊ दिवसांचा धूप

ढग कसा जन्माला येतो, या सृष्टीतल्या अत्यंत गहन प्रश्नाच्या उत्तरात एका मराठी माणसाचा मोलाचा वाटा आहे. तो माणूस मी. वाटा एकूण साडेसहा आठवडे टिकला.

माझं नाव कृष्णकांत. मस्कतमध्ये रुवीला, एका मनी एक्स्चेंजच्या वरच्या मजल्यावर आमच्या पर्यावरण सल्लागार कंपनीचं ऑफिस आहे. कार्डावर मी 'हवा-गुणवत्ता तज्ज्ञ' आहे. प्रत्यक्षात हवा मोजणाऱ्या यंत्रांचे मळलेले फिल्टर काढायचे, नवे बसवायचे आणि मळलेले का मळले याचा अहवाल लिहायचा, हे माझं काम. बिल्डिंगचा वॉचमन मला 'एसीवाले साब' म्हणतो. बरीच वर्षं मी त्याची चूक सुधारत होतो. मग एकदा त्याच्या खोलीतल्या एसीचा फिल्टर मीच धुऊन दिला आणि तो वाद मिटला.

खरं तर मी डॉक्टर व्हायचो. पीएच.डी.वाला. पुण्यात मी झाडांच्या चिकातून आणि राळेतून निघणाऱ्या वाफांवर संशोधन करत होतो. मार्गदर्शक निवृत्त झाले, मला मस्कतची नोकरी लागली, वाफा तिथेच राहिल्या. सासूबाई अजूनही चारचौघांत 'आमचे जावई डॉक्टर होता होता राहिले' अशी ओळख करून देतात. ऐकणाऱ्याला वाटतं, मी कुठल्या तरी आजारातून उठलोय.

या वाफांचं थोडं सांगायला हवं, नाहीतर माझं नुकसान नेमकं किती झालं ते कळणार नाही. झाडं, डिंक, राळ, रंगाचे डबे, सगळ्यांतून सतत वाफा निघत असतात. या वाफा मुळात हलक्या आणि उनाड. हवेत त्यांची गाठ ओझोनशी आणि त्याहून आगाऊ अशा काही रेणूंशी पडते आणि त्यांना एकेक ऑक्सिजन चिकटायला लागतो. जितका ऑक्सिजन जास्त, तितकी वाफ जड आणि चिकट. शेवटी तिचं उडणं संपतं, ती आपल्यासारख्याच चार जड वाफांना धरून बसते आणि त्यातून एक कण तयार होतो, केसाच्या जाडीचा दहा हजारावा हिस्सा. असा कण वाढत गेला की त्याच्यावर पाणी बसतं आणि ढगाचा थेंब होतो. गल्फमध्ये आलेल्या माणसाचंही असंच असतं. येतो एका बॅगेनिशी, 'दोन वर्षांत परत' म्हणत. मग त्याला फ्रिज चिकटतो, मग फॅमिली व्हिसा, मग सोफा, मग मुलीची शाळा. बावीस वर्षांनी तो मस्कतच्या अल मवालेहमधल्या फ्लॅटमध्ये बसलेला आढळतो. फरक इतकाच की त्याच्यावर ढग होत नाही.

आणि हो, ते आगाऊ रेणू तयार व्हायला ऊन लागतं. हे मला पुण्यापासून माहीत होतं. एवढं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

गेल्या जूनमध्ये आम्ही सलालाच्या मागच्या डोंगरावर हवा मोजायचं एक केंद्र उभारलं. तिथे कुणाला रिसॉर्ट बांधायचा होता आणि इथली हवा स्वच्छ आहे असा कागद त्याला हवा होता. सगळा ओमान भट्टीत बसलेला असतो तेव्हा सलालात तीन महिने खरीफ असतो. म्हणजे धुकं, भुरभुर पाऊस, हिरवे डोंगर आणि ते बघायला आलेल्या गाड्यांची रांग. मी चार दिवस राहून यंत्रं बसवली आणि परत आलो. येताना मोबाइलचा चार्जर हरवला. आमच्या घरी चार्जरवरून भांडणं होतात म्हणून अंतराने, म्हणजे माझ्या मुलीने, प्रत्येकाच्या चार्जरवर वेगळं स्टिकर लावलंय. माझ्या चार्जरवर पेंग्विन. तो हॉटेलच्या खोलीतूनच गेला याबद्दल माझी खात्री होती. मी हॉटेलला दोन कडक मेल लिहिले. त्यांनी माफी मागून पुढच्या खेपेचा नाश्ता फुकट देऊ केला. प्रामाणिक माणसं असतात, चोरी लगेच कबूल करतात, असं मी बायकोला म्हणालो.

परत आल्यावर बघतो तर केंद्रावरचं ऊन मोजणारं यंत्र मुकं झालेलं. बाकी सगळी यंत्रं आकडे पाठवतायत, हे गप्प. दीड तासाचं विमान पकडून तिथे जायची मंजुरी मिळेना, म्हणून मी ओमप्रकाशला फोन केला. ओमप्रकाश बलियाकडचा. केंद्राशेजारी पत्र्याच्या केबिनमध्ये राहतो, यंत्रांची राखण करतो आणि रोज संध्याकाळी नोंदवहीच्या पानाचा फोटो मला पाठवतो.

"ओमप्रकाश, रोज दस बजे बाहर देखने का. जो दिखेगा वो शेरे में लिखने का."

"शेर, साहब?"

"शेरा. वो आखरीवाला खाना."

"अच्छा, खाना. लिख देंगे साहब."

अक्षर मोत्यासारखं. शेऱ्याच्या रकान्यात तो एका शब्दात काम उरकायचा. कोहरा. कोहरा. बारिश. कोहरा. ऊँट. कोहरा. मी हे कधी तरी एखाद्या दिवशी वाचायचो. कशासाठी लिहायला सांगितलं होतं तेही काही दिवसांत माझ्या डोक्यातून गेलं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कण मोजणाऱ्या यंत्राने उसळी घेतली. सकाळी दहापर्यंत हवेत जवळजवळ काही नाही आणि दुपारी दोनपर्यंत नव्या, इवल्याशा कणांचा नुसता पूर. मी त्या दिवसाचं पान काढलं. शेऱ्यात एकच शब्द होता: धूप.

चार दिवसांनी पुन्हा उसळी. पान काढलं. धूप. मग मी सगळी पानं काढली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नऊ दिवस कण आले आणि त्याच नऊ दिवशी, एकही इकडेतिकडे न होता, ओमप्रकाशने धूप लिहिला होता. उंटाचंही मी तपासलं. उंटाचा कणांशी संबंध दिसला नाही.

आता सलाला म्हणजे लोबानाचं माहेर. त्याची झाडं तिथल्याच डोंगरांपलीकडे. घराघरात, दुकानात, सरकारी कचेरीत धूप. आमच्या रुवीच्या ऑफिसातही रोज सकाळी रिसेप्शनवरून धुपाटणं फिरतं. आणि लोबान म्हणजे काय? झाडाचा चीक. राळ. माझा विषय! बावीस वर्षांपूर्वी पुण्यात सोडून आलेल्या वाफा मला शोधत डोंगर चढून आल्या होत्या. कोणी तरी धूप जाळत होतं, त्याच्या वाफा धुक्यात ऑक्सिजन गोळा करत होत्या आणि त्यातून ढगाचं बी तयार होत होतं. नियती म्हणतात ती हीच, असं मला वाटलं. नियतीला हिंदी येत असावी. मला येत नव्हती.

याच आठवड्यातल्या शुक्रवारी घरी एक प्रसंग घडला. त्याचा उल्लेख मी टाळणार होतो.

"बाबा, आत्ता बीचवर नको ना," अंतरा म्हणाली, "बाहेर किती धूप आहे."

"अंतरा, बाहेर असतं ते ऊन. धूप देवघरात असतो. म्हण."

"ऊन."

"शाब्बास."

"अहो, शाळेत हिंदी आहे तिला," वासंती स्वयंपाकघरातून म्हणाली, "होतं मिक्स."

"मिक्स होऊ नये म्हणूनच सांगतोय," मी म्हणालो. "एका शब्दाने अर्थाचा अनर्थ होतो."

हे मी म्हणालो. साक्षीदार दोन आहेत.

शास्त्रज्ञाने ऐकीव गोष्टींवर विसंबू नये, म्हणून मी ओमप्रकाशची रीतसर जबानी घेतली.

"ये धूप किधर से आता है?"

"पूरब से आती है साहब. पहाड़ के पीछे से."

नकाशात पूर्वेला डोंगरामागे सहा घरं होती. मी त्यांच्याभोवती गोल काढला. ओमप्रकाश 'आता है'च्या जागी 'आती है' म्हणत होता, पण खेड्यातला माणूस, व्याकरण कुठलं असायला, म्हणून मी सोडून दिलं.

"रोज आता है?"

"रोज कहाँ साहब. कभी-कभी. आती है तो तीन-चार घंटा रहती है."

"हल्का रहता है?"

"अरे नहीं, एकदम कड़क. आँख नहीं खुलती."

मी वहीत लिहिलं: डोळे चुरचुरतात.

"तुमको तकलीफ होता है क्या?"

"तकलीफ कैसी साहब, हम तो कपड़े सुखा लेते हैं."

ओमानात कपड्यांना लोबानाची धुरी द्यायची पद्धत आहे, हे सर्वांना माहीत आहे. धुपावर ओले कपडे सुकवणं ही ओमप्रकाशची स्वतःची भर असावी, असं मी धरून चाललो.

मस्कतमध्ये ऑगस्टच्या शेवटी हवेवर एक परिसंवाद होता. मी इंग्रजीत गोषवारा धाडला आणि तो चक्क स्वीकारला गेला. निवडक तीन भाषणांचे शोधनिबंध छापले जाणार होते आणि त्यांत माझं होतं. पहिलं नाव माझं. बावीस वर्षं उशिरा का होईना, कुठल्या तरी छापील पानावर माझं नाव वाफांच्या शेजारी येणार होतं. मी पुण्याला फोन करून सासूबाईंना कळवलं. म्हणजे फोन दुसऱ्याच कामासाठी केला होता, पण सांगितलं एवढंच.

आकडेवारीची उस्तवारी आमच्या ऑफिसात अंबरीन करते. ती लाहोरची. आम्ही दोघं आपापली भाषा बोलतो आणि ती एकच आहे असं समजतो. देवनागरी तिला वाचता येत नाही. मी तिला इंग्रजीत 'धूप जाळल्याचे दिवस' असा तक्ता करून दिला होता. तिने आलेख पाहिला आणि पेन चावलं.

"कृष्णकांत भाई, सूरज का डेटा कहाँ है?"

"वो सेन्सर बंद है."

"सूरज देखे बग़ैर आप ये कैसे कह सकते हैं?"

"अंबरीन," मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "खरीफ में सलाला में सूरज होता ही नहीं."

तिने खांदे उडवले. तिचं म्हणणं खोडून काढायला मी एक प्रयोगच ठरवला. धूप बंद ठेवायचा आणि कण येतात का बघायचं.

"ओमप्रकाश, गुरुवार को धूप नहीं चाहिए. एक दिन बंद."



"साहब, ये हमारे हाथ में थोड़ी है."

"फिर किसके हाथ में है?"

"ऊपरवाले के."

नकाशात केंद्राच्या वरच्या अंगालाही एक घर होतं.

"तो ऊपरवाले को बोलो ना."

"बोलते तो रोज ही हैं साहब. एक बार और बोल देंगे."

गुरुवारी कणांची रेघ दिवसभर आडवी. दहा नाही, दोन नाही, काहीच नाही. संध्याकाळी मेसेज आला: 'साहब, आज बिल्कुल नहीं हुई. ऊपरवाले ने सुन ली.' सोबत फोटो. फोटोत पांढऱ्या धुक्याखेरीज काही नव्हतं. मी फक्त रेघ पाहिली. मी ओमप्रकाशला लिहिलं, 'ऊपरवाले को मेरा थैंक्यू बोलो.' त्याने हात जोडलेले पाठवले.

परिसंवाद एका हॉटेलात होता. दारातल्या मुलीने माझ्या गळ्यात बिल्ला घातला. त्यावर छापलं होतं: डॉ. कृष्णकांत. हे मी मागितलं नव्हतं. भाषण देणाऱ्या सगळ्यांना त्यांनी सरसकट डॉक्टर केलं होतं. दुरुस्त करून घ्यायला हवं होतं, पण मागे रांग होती आणि रांगेत लोकांना ताटकळत ठेवणं बरं दिसत नाही. मी बिल्ल्याचा फोटो काढून वासंतीला पाठवला. तिने तो पुण्याला पाठवला. चार मिनिटांत सासूबाईंचा अंगठा आला.

अध्यक्ष होते प्रोफेसर झैन. पांढरी दाढी, पांढरा पायघोळ अंगरखा, बोलणं मऊ. मी इंग्रजीत वीस मिनिटं बोललो, आणि चांगला बोललो, हे मी आजही सांगतो. जड होत जाणाऱ्या वाफा, लोबानाचं झाड, नऊपैकी नऊ दिवस, आणि शेवटी माझ्या सांगण्यावरून धूप बंद ठेवलेला तो गुरुवार. शेवटची स्लाइड म्हणजे माझा हुकमी एक्का: ओमप्रकाशच्या वहीचं पान, आणि त्यावर लाल रंगात गोल केलेला शब्द. लोकांना आपल्या लिपीचं दर्शन घडावं म्हणून मी तो मोठ्याने वाचला आणि त्याचं इंग्रजी सांगितलं. अमुक प्रकारचा सुगंधी धूर.

तिसऱ्या रांगेत अंबरीनने डोक्याला हात लावला. मला वाटलं, शेवटी पटलं बाईला.

प्रोफेसर झैन पुढे वाकले. त्यांचं लहानपण मस्कतच्या जुन्या मत्रा बाजारात कच्छी व्यापाऱ्यांच्या पोरांत खेळण्यात गेलेलं. त्यांची हिंदी माझ्यापेक्षा चांगली आहे हे मला पुढच्या अर्ध्या मिनिटात कळलं.

"डॉक्टर साहब, वो लफ़्ज़ ज़रा फिर से पढ़िए."

"धूप."

"लिखनेवाला कहाँ का है?"

"बलिया. यूपी."

"तो भाई," ते अगदी हळू म्हणाले, "उसने धूप लिखी है. धूप. सूरजवाली."

सभागृहातली अर्धी माणसं भारतीय होती. ती आधी हसली. मग त्यांनी शेजारच्या ओमानी मंडळींना समजावून सांगितलं, मग ती हसली. पाठीमागे दोन जर्मन बसले होते. त्यांच्यापर्यंत ते पोचायला एक मिनिट लागलं आणि तोवर मी तिथेच उभा होतो.

उजेड पडला तो असा. पूर्वेकडून, डोंगरामागून, कधी-कधी येणारी, डोळे दिपवणारी, कपडे सुकवणारी, आणि बंद करणं फक्त वरच्याच्या हातात असलेली. नऊ दिवस धुकं फाटून ऊन पडलं आणि उन्हात झाडांच्या वाफांचे कण झाले. तसे ते होतातच. पाठ्यपुस्तकात आहे. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, असं म्हणायची आपल्याकडे सोय आहे. पण हाती धुपाटणं येण्यासाठी मुळात कुठे तरी धूप असावा लागतो. मराठीत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, पावसाने माती वाहून जाते ती. व्यासपीठावर माझी झाली ती ही तिसरी. तीसुद्धा स्त्रीलिंगीच. ओमप्रकाशचं व्याकरण दोन्हीकडून बरोबर निघालं.

प्रोफेसर झैन सज्जन गृहस्थ. हशा ओसरल्यावर म्हणाले, "आदमी ने रोज अपनी आँख से देखकर लिखा है, ये बड़े काम की चीज़ है. नाम क्या है उसका?"

मी बिल्ला उलटा केला आणि नाव सांगितलं.

घरी गेलो तेव्हा अंतरा अभ्यास करत होती. वासंतीने तिला सगळं सांगितलेलं असावं, कारण ती वहीतून मान वर काढेना.

"मी पण तेच म्हटलं होतं," शेवटी ती वहीलाच म्हणाली. "देन तू मला 'ऊन' म्हणायला लावलंस."

"उद्या आईचा फोन येईल," वासंती म्हणाली. "काय सांगू? झाले की राहिले?"

"राहिले म्हण."

"बिल्ल्याचा फोटो तिने फ्रेम करायला टाकलाय."

मग मी ओमप्रकाशला फोन केला. झाला प्रकार सांगायला मला पाच मिनिटं लागली. तो मधेमधे 'जी साहब' म्हणत राहिला.

"लेकिन ओमप्रकाश, मैं तुमको बोला धूप बंद करो. तुमको अजीब नहीं लगा?"

"लगा तो था साहब. घरवाली को भी बताया कि मस्कतवाले साहब सूरज बंद करवा रहे हैं."

"फिर पूछा क्यों नहीं?"

"हमने सोचा, बड़े आदमी हैं, पहुँच होगी. और साहब," त्याचा आवाज जरा खाली आला, "उस दिन बंद हुई भी तो थी."

निबंध छापून येतोय. पहिलं नाव अंबरीनचं, दुसरं ओमप्रकाशचं, निरीक्षक म्हणून. विषय: खरीफमध्ये ऊन पडलेल्या दिवसांतले नवे कण. माझे आभार तळटिपेत आहेत, 'तांत्रिक सहकार्याबद्दल'. आता एकच गोष्ट उरली होती. निबंधात ऊन नोंदवहीतून का घेतलं, यंत्राला काय झालं होतं, हे लिहिणं भाग होतं. त्यासाठी मात्र विमानाची मंजुरी एका दिवसात मिळाली आणि अंबरीन स्वतः सलालाला गेली.

दुपारी तिचा फोटो आला. खाली एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. केंद्रातल्या भिंतीवरचा विजेचा बोर्ड. ऊन मोजणाऱ्या यंत्राचा प्लग काढून बाजूला ठेवलेला. त्याच्या जागी एक पांढरा चार्जर. चार्जरवर पेंग्विन.